शेमाच्या एका ओळीतली बारा अक्षरं

ठाण्यात बेने इस्रायल (कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या) मुलांसाठी सुट्टीतला हिब्रू वर्ग ठरला की बहुतेक ठिकाणी सुरुवात आलेफपासून होते. मग बेत, मग गिमेल. रोज दोन अक्षरं, म्हणजे सहा दिवसांत गाडी कशीबशी लामेदपर्यंत पोचते. शुक्रवारी मूल घरी जातं तेव्हा त्याला अक्षरांची नावं पाठ असतात, पण सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, उघडून दिला तर त्यातला एक शब्दही वाचता येत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचा उत्साह इथेच विझतो.

त्याऐवजी शेमाची, म्हणजे ज्यूंच्या रोजच्या मुख्य प्रार्थनेची, पहिली ओळ घ्या. "शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." सहाच शब्द आहेत, आणि अदोनाय त्यात दोनदा येतो. मुलांनी ही ओळ घरी शेकडो वेळा ऐकलेली असते. आपल्या पूर्वजांची बाकीची प्रार्थना विस्मरणात गेली तेव्हाही ही ओळ तोंडात राहिली, असं परंपरा सांगते. मुलाच्या कानात असलेली ओळ त्याच्या डोळ्यांसमोर ठेवणं, एवढंच काम उरतं.

या ओळीत २२ पैकी नेमकी १२ अक्षरं आहेत : शिन, मेम, आयिन, योद, रेश, आलेफ, लामेद, हे, वाव, नून, खेत, दालेत. शब्दाच्या शेवटी रूप बदलणारी पाच अक्षरं असतात, त्यांतलं एकही अंत्यरूप इथे येत नाही. पोटात टिंब आलं की उच्चार बदलणारी बेत, काफ आणि पे ही अक्षरंही नाहीत. उलट आ, ए, इ, ओ, उ हे पाचही स्वर या ओळीत सापडतात. पहिल्या आठवड्यासाठी याहून सोयीचा धडा मुद्दाम रचायला बसलं तरी जमणार नाही.

वर्गाचं गणित असं धरा : वय ६ ते ९, मुलं १२, मोठी माणसं दोन, रविवार ते शुक्रवार, सकाळी साडेनऊ ते बारा, शुक्रवारी साडेबारापर्यंत. रविवारी सुरू करण्याला कारण आहे. हिब्रूत वारांना ग्रहांची नावं नाहीत, आकडे आहेत. योम रिशोन म्हणजे पहिला दिवस, तो रविवार. योम शेनी दुसरा, योम श्लिशी तिसरा. पुढे योम रेवीई, योम हमिशी, योम शिशी आणि मग नाव असलेला एकच दिवस, शब्बाथ, म्हणजे शनिवार. सोमवारी वर्ग सुरू केला तर "आज दुसरा दिवस" असं मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं आणि घोळ होतो.

रविवार आणि सोमवार फक्त अक्षरांसाठी ठेवा. वही दुरेघी घ्या, चार रेघांची नको. वहीची पाठ मुलांसमोर ठेवून तिथून उघडायला लावा, पानांवर तिथून क्रमांक घाला आणि पहिल्या पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका द्या. लिहायला सुरुवात त्या ठिपक्यापासून. हा ठिपका नसेल तर निम्मी मुलं दुसऱ्या ओळीला डावीकडे परततात.

मराठी शाळेत शिकणाऱ्या, किंवा निदान मराठी वाचणाऱ्या मुलाला इथे एक मोठा फायदा आहे. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. तोराची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची, गुंडाळी लिहिणारा सोफेरही चामड्यावर आधी रेघा ओरखडून घेतो आणि अक्षरं त्या रेघेला लटकवतो, रेघेवर बसवत नाही. म्हणून "वरच्या रेघेला टांग" एवढं सांगितलं की मराठी मुलाचा हात आपोआप बरोबर चालतो. इंग्रजी माध्यमातली मुलं अक्षर खालच्या रेघेवर उभं करतात आणि योद हमखास चुकवतात. योद इवलासा असतो, वरच्या रेघेला टेकून हवेतच संपतो. तो खाली गेला की स्वल्पविरामासारखा दिसतो, आणि लांबला की वाव होतो. या ओळीत वरची रेघ ओलांडणारं अक्षर एकच, लामेद. त्याची मान वर जाते. यिस्राएलमध्ये एकदा, एलोहेनूमध्ये एकदा. खालची रेघ ओलांडणारं अक्षर या ओळीत एकही नाही. मुलांना आधी न वाचता फक्त "मान वर काढलेली दोन अक्षरं शोधा" असं सांगा. अर्ध्या मिनिटात बोटं तिथे पोचतात, आणि शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो याकडे नजर पहिल्यांदा जाते.

पण त्याच फायद्यातून एक चूकही येते. मराठी मुलं सवयीने शब्दावर सलग शिरोरेषा ओढतात. हिब्रूत प्रत्येक अक्षर सुटं हवं. तोराच्या गुंडाळीत दोन अक्षरं एकमेकांना चिकटली तर ती दुरुस्त होईपर्यंत गुंडाळी वाचनाला चालत नाही, इतका तो नियम कडक आहे. मुलांना हे जसंच्या तसं सांगा, त्यांना असले नियम आवडतात. दोन अक्षरांच्या मध्ये करंगळीच्या नखाएवढी जागा, हे माप लहान हातांना पुरतं.

लिहायला पाच मिलिमीटर चपट्या टोकाचं मार्कर पेन द्या. बोरू मिळाला तर फारच छान. हिब्रू अक्षरात आडवी रेघ जाड आणि उभी बारीक असते. टोकाची चपटी कड उभी धरली की हा फरक आपोआप येतो. साध्या पेन्सिलीने सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या होतात आणि मुलाला वाटतं आपलं अक्षर पुस्तकातल्यासारखं का दिसत नाही.

गोंधळाच्या जोड्या तीन. हे आणि खेत : दोघांनाही छत आणि दोन पाय. हेचा डावा पाय छतापासून सुटलेला असतो, खेतचा चिकटलेला. मुलांना "हेच्या घरात वरून वारा येतो" असं सांगा आणि त्या फटीतून फुंकर मारायला लावा, तोंडातून ह हाच आवाज निघतो. वाव आणि नून : वाव सरळ काठी, नूनला तळाशी डावीकडे वळलेलं पाऊल. तिसरी जोडी सगळ्यांत महत्त्वाची, दालेत आणि रेश. दालेतच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला टोक असतं, रेशचा कोपरा गोल असतो. बस, एवढाच फरक.

हा फरक शिकवायला खेळ लागत नाही, शेमाच पुरतो. तोरात ही ओळ लिहिताना दोन अक्षरं मोठी लिहितात : शेमा या शब्दाचं शेवटचं आयिन आणि एहाद या शब्दाचं शेवटचं दालेत. एहाद म्हणजे एक. त्या दालेतचा कोपरा गोल झाला, म्हणजे तिथे रेश वाचला गेला, तर शब्द होतो "अहेर", म्हणजे दुसरा. देव एक आहे म्हणता म्हणता भलतंच म्हटलं जाईल. फळ्यावर दालेत दोन फूट उंच काढा, मुलांना एकेक करून त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवायला बोलवा, मग कोपरा पुसून गोल करा आणि शब्द परत वाचायला सांगा. सात वर्षांच्या मुलाला एक कोपरा किती महत्त्वाचा असतो हे त्या क्षणी कळतं, आणि तो ही जोडी पुन्हा सहसा चुकत नाही.

स्वरचिन्हांसाठी बाराखडीचा आधार घ्या. हिब्रूत आपल्याला पाचखडी पुरते : मा, मे, मी, मो, मू. चिन्हं बहुतेक अक्षराच्या खाली येतात, ओकाराचं टिंब वर असतं. एक फरक मात्र पहिल्याच तासाला सांगून टाका : देवनागरी व्यंजनात अ मुळातच असतो, हिब्रू व्यंजनात तो नसतो. शिन अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे टिंब असेल तर श, डावीकडे असेल तर स. शेमात श आहे, यिस्राएलमध्ये स आहे, म्हणून दोन्ही याच ओळीत भेटतात. एका शब्दात मात्र लिहिलेलं एक आणि वाचायचं दुसरं. देवाचं चार अक्षरी नाव जसं लिहिलंय तसं वाचायचं नसतं, तिथे "अदोनाय" म्हणायचं. मुलं अक्षरं जुळवून वाचायला लागली की तिथे अडकतातच, म्हणून ते आधीच सांगून ठेवा. प्रार्थनेबाहेर, नुसतं बोलताना, "हाशेम" म्हणायची सवय लावा.

देवाचं नाव असलेला कागद कचऱ्यात जात नाही. त्यामुळे झेरॉक्सचे गठ्ठे वाटू नका. शेमाची ओळ एकाच मोठ्या कागदावर छापून लॅमिनेट करा आणि भिंतीवर लावा. वहीत मुलांनी सराव बाकीच्या शब्दांचा करावा. कोणी हौसेने पूर्ण ओळ लिहिलीच तर ते पान एका खोक्यात जमा करा आणि आठवड्याअखेर सिनेगॉगमध्ये गेनिझासाठी, म्हणजे असे कागद जपून ठेवण्याच्या जागेसाठी, द्या. खोक्यावर मुलांनीच "गेनिझा" लिहावं.

देवनागरीत लिप्यंतर लिहून द्यावं का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. हिब्रू अक्षरांच्या खाली देवनागरी अजिबात लिहू नये. मुलाचा डोळा ओळखीच्या अक्षरावर जातो आणि वरचं हिब्रू नुसतं चित्र बनून राहतं. शिवाय खेतसाठी आपण ख किंवा ह लिहितो आणि दोन्ही अर्धवट बरोबर असतात. आपल्या ख मध्ये हवेचा झटका आहे, खेतमध्ये घशातलं घर्षण आहे. घरात आजी "एहाद" म्हणते, मोबाइलवरच्या व्हिडिओत "एखाद" ऐकू येतं. मुलाने वर्गात दोन्हींतलं काहीही म्हटलं तरी चालेल, आजीचा उच्चार मात्र वर्गात दुरुस्त करू नका. तो चुकीचा नाही, जुना आहे. पुढच्या आठवड्यांत त्सादी येईल तेव्हा मराठी मुलाला काहीच कष्ट नाहीत. चाक आणि चोर यांतला च म्हणजेच त्सादी.

मंगळवारी पाराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा पाठ. तोराचे ५४ पाठ वर्षभरात वाचून होतात, सिम्हात तोरा या सणाला शेवट करून लगेच पुन्हा सुरुवात. दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे नोहाचा पाठ येतो. २०२५ मध्ये तो शब्बाथ २५ ऑक्टोबरला होता, ऐन दिवाळीच्या आठवड्यात. मुलांना शिकवायला नोहासारखा पाठ नाही, कारण त्यात माप आहे, आणि माप आपल्या ओळखीचं आहे : हात. तेवा, म्हणजे नोहाचं तारू, ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. हिब्रू शब्द अम्मा, माप तेच, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. घरात आजी अजूनही हाताने दोरी मोजत असेल तर मुलांना समजावून सांगायचीही गरज नाही.

आधी प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने खोलीची लांबी मोजू द्या. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल आणि भांडण होईल. होऊ द्या. सात वर्षांच्या मुलाचा हात तीस सेंटिमीटरच्या आसपास, मोठ्या माणसाचा पंचेचाळीस. मग ठरवा, आपला हात ४५ सेंटिमीटर. हिशेब : लांबी १३५ मीटर, रुंदी साडेबावीस, उंची साडेतेरा. १३५ मीटर म्हणजे लोकलचे साधारण साडेसहा डबे. ठाणे स्टेशनच्या फलाटावर बारा डब्यांची गाडी उभी असताना चालत गेलेल्या मुलाला ही लांबी लगेच कळते.

मॉडेलसाठी एक हात म्हणजे दोन मिलिमीटर असं प्रमाण घ्या. तारू ६० सेंटिमीटर लांब, १० रुंद, ६ उंच होतं आणि नेहमीच्या कार्ड पेपरच्या एका तावात त्याची लांबी बसते. आत तीन मजले सांगितलेत, म्हणून प्रत्येक मजला दोन सेंटिमीटरचा. दार बाजूला, छतावर नाही. आतून-बाहेरून डांबर, त्यासाठी काळा पोस्टर रंग पुरे. कोकणातल्या मुलाला होडीला डांबर का लावतात हे शिकवावं लागत नाही. कागद पातळ असला तर साठ सेंटिमीटरचा तळ मधोमध वाकतो. तळाखाली दोन आइस्क्रीमच्या काड्या एकापुढे एक चिकटवल्या तर काम भागतं.

गोष्ट सांगताना दोन ठिकाणी शिकवणारे चुकतात. प्रत्येक प्राण्याची एकच जोडी आत गेली असं सांगतात. शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या होत्या, जोडी एकेकच ती अशुद्ध प्राण्यांची. आणि नोहाने आधी कावळा सोडला होता, कबुतर नंतर. खिडकीवरच्या कावळ्याला रोज पाहणाऱ्या मुलांना कावळा गाळून गोष्ट सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. ऑलिव्हचं पान त्यांनी पाहिलेलं नसतं, त्याचं चित्र बरोबर ठेवा.

बुधवारी पंचांग आणि बराखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद. पंचांगाला अर्धा तास पुरे. भिंतीवर कालनिर्णय लावा. मराठी महिना अमावास्येनंतर सुरू होतो, हिब्रू महिनाही नव्या चंद्राला सुरू होतो. म्हणून आपल्या सणांच्या तारखा मराठी तिथींच्या शेजारी सापडतात. २०२५ मध्ये पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी होती, १४ मार्चला. आपल्या जुन्या लोकांनी पुरीमला "होळीचा सण" म्हटलं ते उगाच नाही. सुक्कोथची पहिली रात्र ६ ऑक्टोबरला, त्याच रात्री कोजागिरी. दिवाळी पाडवा २२ ऑक्टोबरला, त्याच दिवशी हेश्वान महिन्याचा रोश होदेश (महिन्यारंभ). दोन्हीकडे अधिक महिना असतो. हिब्रूत १९ वर्षांत सात वेळा अदार दोनदा येतो. दोन पंचांगांचे अधिक महिने वेगवेगळ्या वेळी आले की मधल्या काळात सण महिनाभर मागेपुढे होतात. मुलांना एवढं पुरतं. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगावी लागते : आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, रात्री बाराला नाही.

बराखा शिकवायला मलिद्याचं, म्हणजे आपल्या विधीतल्या गोड पोह्यांचं, ताट घ्या. बारा मुलांना अर्धा किलो जाडे पोहे, एक मोठा नारळ, पाव किलो गूळ, आठ-दहा वेलच्या, अर्धं जायफळ, मूठमूठ बदाम आणि बेदाणे. पोहे चाळणीत धुवून दहा मिनिटं निथळत ठेवा, भांड्यात पाणी साचता कामा नये. गूळ किसूनच घाला, फोडलेला गूळ खडा बनून राहतो. सगळं वाढण्याआधी फक्त पंधरा मिनिटं एकत्र करा, कारण गुळाला पाणी सुटतं आणि तासाभरात पोह्यांचा लगदा होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात ओलं खोबरं तीन-चार तासांत वास मारायला लागतं, त्यामुळे सकाळी लवकर करून ठेवायचा मोह टाळा.

ताटाभोवती फळं मांडा : सफरचंद, चिकू, खजूर, केळं, अननस. शिवाय सुगंधासाठी गुलाब किंवा सब्जाची डहाळी. सुगंधाची बराखा वेगळी असते. आता मुलांना फळांचे दोन ढीग करायला सांगा. झाडाच्या फळाची बराखा "हाएत्स"वर संपते, जमिनीच्या फळाची "हाअदामा"वर. सगळी मुलं केळं झाडाच्या ढिगात ठेवतात. तिथे थांबा. केळीला लाकडाचं खोड नसतं, एकदा घड आला की ते खोड मरतं आणि मुळातून नवीन कोंब येतो. म्हणून केळं हाअदामा. अननसही तिकडेच. शेंगदाणे मुलं बरोबर ओळखतात. पपईबद्दल मतं वेगळी आहेत, ती पहिल्या दिवशी ताटात ठेवू नका. मग पाणी, दूध, अंडं, मासा यांच्यासाठी "शेहाकोल". पाव खाण्याआधी हात धुवायचे, तांब्याने, आधी उजव्या हातावर, मग डाव्या, आणि मग "हामोत्सी". वडापाव खाताना वड्याची वेगळी बराखा लागते का, असं कोणीतरी विचारतंच. पावाची बराखा वड्यालाही पुरते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला हामोत्सी नाही, कारण हामोत्सी ज्या पाच धान्यांच्या पावाला म्हणतात त्यांत गहू आणि जव आहेत, ज्वारी-बाजरी नाहीत.

गुरुवारी सकाळी मासे, मग आडनावं. परंपरा सांगते की डेव्हिड राहबी नावाचे ज्यू प्रवासी कोकणात आले तेव्हा शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांबद्दल, म्हणजे आपल्या पूर्वजांबद्दल, त्यांना कुतूहल वाटलं. त्यांनी बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले, आणि बायकांनी पर आणि खवले असलेले, म्हणजे तोरानुसार खाता येणारे, तेवढे वेगळे काढले. वर्गात हेच करा. बाजारातून रोहू, बांगडा, पापलेट, कोळंबी आणि जमलं तर मुशीचा तुकडा आणा. रोहूचे खवले नखाएवढे, मुलांनी नखाने एक उचलून बघावा. कातडी न फाटता निघाला तर तो खरा खवला. पापलेटला खवले नाहीत असं मुलं ठामपणे सांगतील. त्याचे खवले अगदी बारीक असतात आणि बर्फात, टोपलीत घासून गळतात. पराच्या मुळाशी आणि शेपटीजवळ बोट फिरवलं की चमचमणारे कण बोटाला लागतात. मुशीची कातडी खरखरीत असते पण त्यातून काही उचलून येत नाही. कोळंबीला पर आणि खवले दोन्ही नाहीत. मासे खूप वेळ बाहेर ठेवू नका, वीस मिनिटांत धडा उरका आणि मुलांचे हात लिंबाने धुवा.

आडनावांसाठी रायगड जिल्ह्याचा मोठा नकाशा लागतो. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, आवासचे आवासकर, राजपुरीचे राजपूरकर. प्रत्येक मुलाने आपल्या गावावर टाचणी टोचायची आणि तिथून नवगावपर्यंत दोरा ताणायचा, कारण जहाज फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली ती नवगावजवळ, अशी आपली परंपरा आहे. ज्यांच्या घरी आडनाव म्हणून आजोबांचं नाव लावतात त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आजीचं माहेरचं आडनाव विचारून या. नाहीतर ती मुलं टाचणी हातात धरून बसून राहतात. दोऱ्याचं दुसरं टोक ठाण्याला आणा. टेंभी नाक्याचं शाआर हाशामाईम सिनेगॉग १८७९ चं आहे. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं. दिवेकर म्हटल्यावर मुलांचे डोळे नकाशावरच्या दिव्याकडे वळले पाहिजेत. नाही वळले तर टाचण्या घाईत टोचल्या गेल्या असं समजा.

गुरुवारीच निघण्याआधी पाऊण किलो काळ्या मनुका धुवून तीन लिटर पाण्यात भिजत घाला. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, आपल्याकडे वाइनऐवजी या मनुकांचं सरबत चालत आलंय. शुक्रवारी सकाळी हाताने चुरून पिळायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. मिक्सर लावू नका, बिया फुटतात आणि सरबत कडू होतं. भिजवलेलं पातेलं रात्री फ्रिजमध्येच हवं. बाहेर राहिलं तर सकाळी वर फेस येतो आणि वास आंबूस होतो.

शुक्रवारी हल्ला, म्हणजे शब्बाथचा वेणीचा पाव. प्रमाण : मैदा १ किलो, इन्स्टंट यीस्ट १४ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, तेल १२० मिलिलिटर, अंडी दोन, मीठ १६ ग्रॅम, कोमट पाणी ४२० ते ४५० मिलिलिटर. अंडं आधी वेगळ्या काचेच्या ग्लासात फोडून बघायचं, रक्ताचा ठिपका असला तर टाकायचं. हे काम मुलांना द्या, ती फार गंभीरपणे करतात. दूध आणि लोणी नाही, कारण मांसाबरोबर दूध चालत नाही आणि हा पाव मटणाच्या जेवणाबरोबरही खाता यायला हवा. जास्त पीठ मळलं तर विधी म्हणून त्यातून एक गोळा वेगळा काढतात, पण इथे पीठ एक किलोच असल्यामुळे तो प्रश्न येत नाही.

पाणी बोटाला जेमतेम कोमट लागलं पाहिजे. गरम पाण्याने यीस्ट मरतं आणि मग दोन तास वाट पाहूनही पीठ तसंच बसून राहतं. मीठ यीस्टवर थेट टाकू नका, मैद्यात मिसळून घ्या. दहा मिनिटं मळा. थंड देशांतल्या पाककृतीत दीड-दोन तास फुगू द्या असं लिहिलेलं असतं, ते ठाण्याच्या ऑक्टोबरला लागू नाही. इथे पाऊण तासात पीठ दुप्पट होतं. त्यापुढे गेलं तर दारूसारखा वास येतो, आणि वेणी भट्टीत फुगण्याऐवजी बसते. घड्याळ न बघता बोट बघा : पिठात बोट खुपसून काढलं आणि खड्डा हळूहळू अर्धा भरला तर वेळ झाली. खड्डा तसाच राहिला तर उशीर झालाय.

पीठ साधारण पावणेदोन किलो भरतं. त्याचे २४ भाग, प्रत्येक मुलाला दोन, कारण शब्बाथच्या टेबलावर दोन पाव लागतात, रानात शुक्रवारी मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, दुप्पट पडायचं त्याची आठवण म्हणून. प्रत्येक भाग ७०-७५ ग्रॅमचा. त्याचे तीन तुकडे, प्रत्येकाची वीतभर वळकटी, मधे जाड, टोकांना निमुळती. तीन पेडांची वेणी घालायला मुली मुलांना शिकवतील, मोठ्यांनी मधे पडू नये. मुलं दोन चुका करतात. हाताला चिकटतं म्हणून भरपूर कोरडा मैदा लावतात, मग पेड एकमेकांना धरत नाहीत आणि भाजताना वेणी सुटते. मैद्याऐवजी तळहाताला दोन थेंब तेल द्या. दुसरी चूक, वेणी घट्ट ओढतात. पेडांना फुगायला जागा मिळत नाही आणि बाजूने पाव फाटतो. वेणी सैल, टोकं मात्र घट्ट चिमटून आत दुमडलेली.

अर्धा तास विसावा, वर फेटलेलं अंडं, थोडे तीळ, १९० अंश, १५ ते १८ मिनिटं. मोठ्या ओटीजीत एका वेळी बारा वेण्या मावतात, म्हणून दुसरा ट्रे तोपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर नाही. तळाला टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झालं.

साडेबाराला मुलांना सोडायचंच. ऑक्टोबरच्या शेवटी ठाण्यात सूर्यास्त सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो आणि शब्बाथचे दिवे त्याच्या १८ मिनिटं आधी लागतात. घोडबंदर रोडला किंवा ऐरोली-वाशीला राहणाऱ्यांना स्वयंपाक उरकून, आंघोळ करून दिव्यापाशी पोचायचं असतं. प्रत्येकाच्या पिशवीत कागदात गुंडाळलेले दोन पाव, २०० मिलिलिटर सरबताची बाटली आणि मलमलच्या तुकड्यात बांधलेल्या सहा लवंगा आणि दोन वेलच्या. पुरचुंडीवर दोरा घट्ट बांधा आणि मुलांना सांगा, ही आज उघडायची नाही. उद्या रात्री गच्चीवर किंवा खिडकीत उभं राहून आकाशात तीन तारे मोजायचे, मग हवदालाच्या, म्हणजे शब्बाथ संपवण्याच्या विधीच्या, वेळी दोरा सोडायचा आणि आधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला वास द्यायचा.